हेझलच्या कुळातील शेतकऱ्याचे झाड : उत्तीस

चॉकलेटमध्ये घालतात तो हेझलनट आता आपल्याकडील शहरांतही मिळतो. त्याचा भाव पाहून 'याची लागवड आपल्याकडे होईल काय?' असा प्रश्न बागायतदारांच्या मनात येणे साहजिक आहे. उत्तर सरळ आहे : होणार नाही. हेझल हे थंड हवेतील पानझडी झुडूप आहे. हिवाळ्यात शेकडो तास ७ अंश सेल्सिअसखालील थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्यांची सुप्तावस्था संपत नाही. शिवाय बहुतेक वाणांना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. बागेत दुसऱ्या वाणाची झाडे लावावी लागतात. जगातील निम्म्याहून अधिक हेझलनट तुर्कस्तानात, मुख्यतः काळ्या समुद्राकाठच्या डोंगरउतारांवर पिकतो. तेव्हा कोणी रोपे देऊ केली तर पैसे खिशातच ठेवावेत.

हेझलचे कुळ मात्र ओळख करून घेण्याजोगे आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास भूर्ज कुळ म्हणतात. ज्याच्या सालीच्या पापुद्र्यांवर पूर्वी पोथ्या लिहीत, ते हिमालयातील भोजपत्र याच कुळातील. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने या कुळातील खरे मोलाचे झाड म्हणजे उत्तीस, इंग्रजीत आल्डर.

हे झाड हिमालयात व ईशान्य भारतातील डोंगरांत आढळते. ते शेंगवर्गीय नाही, तरीही त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव हवेतील नत्र स्थिर करतात. (आपल्या किनाऱ्यावरील सुरूच्या मुळांवरही फ्रँकियाच असतो.) नागालँडमध्ये कोहिमाजवळील खोनोमा गावचे अंगामी शेतकरी या गुणाचा उपयोग पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. ते उत्तीस मुळासकट काढत नाहीत. जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर त्याचा माथा छाटतात, कापलेल्या भागावर चिखल लिंपतात व वर दगड ठेवतात, म्हणजे खोड वाळत वा फाटत नाही. फांद्या जळणास जातात, पालापाचोळा जाळून राख जमिनीत मिसळतात. मग दोन वर्षे मका, बटाटा, मिरची यांसारखी पिके घेऊन जमिनीस काही वर्षे विश्रांती देतात. तोवर खुंटावरील फुटवे पुन्हा वाढतात. मुळे जिवंत असल्याने उतारावरील माती जागेवर राहते.

कोकणातील शेतकऱ्यास हे वाचून राबाची आठवण होईल. भाताच्या रोपवाटिकेसाठी आपणही ऐन, किंजळीचे टाहाळ तोडून जाळतो. फरक दोन बाबतींत आहे. ऐन नत्र स्थिर करीत नाही, आणि त्यास दरवर्षी ओरबाडले जाते. माझ्या मते राबाची झाडे आलटून पालटून तोडावीत व प्रत्येक झाडास दोन-तीन वर्षे मोकळीक द्यावी.

उत्तीस आपल्या उष्ण हवेत लावण्यात अर्थ नाही. त्याचे काम येथे गिरीपुष्प करू शकते. ते शेंगवर्गीय असून छाटणी चांगली सोसते. पावसाळ्याच्या सुरुवातीस बांधावर त्याची रोपे किंवा जून फांद्यांची छाटे लावावीत. पहिली दोन वर्षे झाड वाढू द्यावे. त्यानंतर सुमारे १ मीटर उंचीवर छाटून कोवळा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडावा. जाड काटक्या मात्र गाडू नयेत. त्या जळणास ठेवाव्यात.