तीन तारा

मुलांनो, बेलापूर म्हटले की तुम्हांला नवी मुंबईतले, खाडीकाठचे बेलापूर आठवते. पण श्रीरामपूरजवळही एक बेलापूर आहे. म्हणून परगावच्या पाहुण्याला 'कोणते बेलापूर?' हे सांगावेच लागते.

जुन्या कथांतील स्त्रियांचेही असेच होते. ग्रीक कथांत युरिडिसी नावाच्या अनेक स्त्रिया आहेत. एक गायक ऑर्फियसची पत्नी, तर दुसरी क्रेऑन राजाची राणी. आपल्याकडे 'तारा' हे नाव असेच पुन्हापुन्हा येते. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. मात्र आकाशातला तारा 'चमकला' आणि मुलगी तारा 'चमकली', हे लक्षात ठेवा.

पहिली तारा देवांचे गुरू बृहस्पती यांची पत्नी. चंद्राने तिला पळवून नेले व त्यावरून मोठे युद्ध झाले. बुध हा तिचा मुलगा.

दुसरी तारा रामायणात भेटते. ती किष्किंधेचा वानरराजा वाली याची राणी आणि अंगदाची आई. वालीचा भाऊ सुग्रीव एकदा हरून पळाला होता. तोच पुन्हा दारात येऊन गर्जना करू लागला. तारेला शंका आली. हरलेला माणूस इतक्या लवकर परत येतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणीतरी असणारच! सुग्रीवाने रामाशी मैत्री केल्याची बातमीही तिला अंगदाकडून कळली होती. तिने वालीला थांबवले, भावाशी समेट करायला सांगितले. वालीने ऐकले नाही आणि रामाच्या बाणाने तो पडला. मरताना मात्र त्याने सुग्रीवाला सांगितले, की तारेचा सल्ला कधी टाळू नकोस. पुढे लक्ष्मण रागाने किष्किंधेत आला, तेव्हा त्याला शांत करायला सुग्रीवाने तारेलाच पाठवले. मला तर या तिघींत हीच सर्वांत शहाणी वाटते.

तिसरी तारा म्हणजे तारामती, सत्यवचनी राजा हरिश्चंद्राची राणी. पतीचे वचन पाळण्यासाठी ती परक्या घरी दासी झाली. रोहिदास हा तिचा मुलगा.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळी चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार नसत. त्यामुळे तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले! पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यात मात्र तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे.