कर्जमाफी न्याय्य की अन्यायकारक? उत्तर ठरतं सातबाऱ्यावर

वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावात कर्जमाफीचा विषय काढून बघा. योजना एकच, पण कुणी म्हणेल 'बरोबर झालं', कुणी म्हणेल 'आमच्यावर अन्याय झाला'. दोघंही मनापासून बोलत असतात. मग असं का होतं?

पाच एकरांची रेघ

२००८ च्या केंद्राच्या योजनेत २ हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे ५ एकर जमीन असलेल्यांचं थकीत पीक कर्ज पूर्ण माफ झालं. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५ टक्के रक्कम भरल्यावर २५ टक्के सूट होती. काही जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यातली मोठी रक्कम.

दिल्लीतून पाहिलं तर नियम सरळ: लहान शेतकऱ्याला जास्त मदत. पण विदर्भातली बरीच शेती कोरडवाहू. पावसाच्या भरवशावर कापूस लावणारा सात एकरवाला विचारणारच, 'कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारा चार एकरवाला माझ्यापेक्षा गरीब कसा?'

थकलेला आणि भरलेला

२०१९ च्या राज्याच्या योजनेत जमिनीची अट नव्हती. २ लाखांपर्यंतचं थकीत कर्ज माफ झालं. आता रेघ दुसरीकडे पडली. पीक बुडालेल्याला वाटलं, उशिरा का होईना, न्याय मिळाला. दागिने गहाण ठेवून हप्ता भरणाऱ्याला वाटलं, प्रामाणिकपणाची शिक्षा मिळाली. नियमित फेड करणाऱ्यांसाठी ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान २०२२ मध्ये अमलात आलं.

संशोधन काय सांगतं?

१९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सगळ्यांना एकाच अपघाताच्या खटल्याचे कागद दिले. काहींना फिर्यादी केलं, काहींना प्रतिवादी. न्यायाधीश किती भरपाई देतील, याचा अचूक अंदाज बांधणाऱ्याला बक्षीसही होतं. तरी फिर्यादींचा आकडा सरासरी सुमारे साडेचौदा हजार डॉलरनी जास्त निघाला. बाजू कळण्याआधी कागद वाचले, तेव्हा मात्र ही तफावत बरीच घटली. म्हणजे आपण आधी बाजू धरतो आणि मग तिला सोयीचे मुद्दे वेचतो.

मग करायचं काय?

'माणूस पक्षपाती असतो' एवढं कळून भागत नाही. ते समोरच्यालाच लागू आहे, असं आपल्याला वाटतं. स्वतःच्या बाजूतले कच्चे दुवे लिहून काढले की मात्र फरक पडतो, असं पुढच्या प्रयोगात दिसलं.

पुढच्या कर्जमाफीवर कमेंट टाकण्याआधी एवढं करून बघा: आपल्या म्हणण्यातली एक कमजोर बाजू लिहा. मग शेजारच्या बांधावर उभं राहून तोच नियम पुन्हा वाचा.