हुकमी वीज

माझं माहेर भद्रावतीचं आणि घर ऐरोलीत. चंद्रपूरची वीज मुंबईकडे येते हा विषय निघाला की माझा मोठा भाऊ ठरलेलं वाक्य टाकतो, "राख आमच्या वाट्याला अन् उजेड तुमच्या." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ती वीज येते कशी, हे सांगण्यासारखं आहे.

चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातलं पडघा अशी सुमारे 750 किलोमीटरची वाहिनी 1999 च्या सुमारास सुरू झाली. दाब अधिक-उणे 500 केव्ही, क्षमता 1500 मेगावॉट, आणि वीज डीसी. म्हणजे चंद्रपूरला एसीची डीसी करायची, राज्य ओलांडून आणायची आणि पडघ्याला पुन्हा एसी करून जाळ्यात सोडायची. एवढा खटाटोप कशासाठी? मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. वर्गात हा प्रश्न टाकला की पाठ केलेलं उत्तर येतं: अंतर लांब असेल तर डीसीत गळती कमी. बरोबर आहे, पण त्याला मी निम्मेच मार्क देते. कारण माझ्या माहेरच्या गावाजवळ एक डीसी केंद्र असं आहे की त्याच्या वाहिनीची लांबी शून्य किलोमीटर आहे.

भद्रावतीचं हे 1000 मेगावॉटचं केंद्र 1997 मधलं. एसीची डीसी आणि डीसीची लगेच एसी, सगळं एकाच आवारात. तेव्हा दक्षिणेचं वीजजाळं आपल्या जाळ्याशी एका तालात चालत नव्हतं. दोन्हीकडे 50 हर्ट्झ म्हणायचं, पण त्या पन्नासात किंचित फरक असे. अशी दोन जाळी थेट जोडता येत नाहीत. मध्ये डीसी घातली की प्रत्येकाचा ताल त्याच्यापाशी राहतो आणि ठरवाल तेवढीच वीज पलीकडे जाते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिड देशाच्या ग्रिडशी एका तालात जोडलं गेलं. तोवर अशा डीसी दुव्यांवरच काम भागत होतं.

"ठरवाल तेवढीच" हे महत्त्वाचं. एसीच्या जाळ्यात कुठल्या वाहिनीतून किती वीज जाईल हे माणूस थेट ठरवत नाही. उतार असेल तिकडे पाटाचं पाणी धावावं तशी ती धावते. डीसीच्या टोकाला मात्र दारं धरणारा बसलेला असतो.

दारं धरणारा नसला की काय होतं, ते नवी मुंबईने पाहिलं आहे. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. कळवा–पडघा मार्गावरच्या 400 केव्ही वाहिन्या उपलब्ध राहिल्या नाहीत. त्यांचा भार उरलेल्या वाहिन्यांवर गेला आणि पुण्याकडून खारघरला येणारी वाहिनी जास्तीच्या भाराने ट्रिप झाली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याचं भार प्रेषण केंद्र आमच्या ऐरोलीतच आहे. तिथे बसलेल्यांना पडद्यावर सगळं दिसतं, पण एसी वाहिनीला "तू इतकीच घे" असं सांगणारं बटण त्यांच्याकडेही नसतं.

डीसीला ते बटण आहे. मात्र ते दाबून मोकळं होता येत नाही, त्यामागे क्षणाक्षणाची राखण आहे. सोपा हिशेब करू, आकडे गोल घेतलेत. पाठवणाऱ्या टोकाला 500 केव्ही, घेणाऱ्या टोकाला 475, आणि तारेतून 1500 अँपिअर. प्रवाह ठरतो तो या दोहोंतल्या 25 केव्हीच्या फरकावर. आता घेणाऱ्या टोकाचा दाब जेमतेम पाच टक्के खचून 450 झाला, तर फरक दुप्पट, प्रवाहही दुप्पट: 3000 अँपिअर! हे आवरायला माणसाचा हात पुरत नाही.

आवरतो तो थायरिस्टर. व्हॉल्व्ह हॉलमध्ये हे शेकड्याने असतात, एकावर एक रचलेले, शुद्ध पाण्याने थंड ठेवलेले. काचेच्या तंतूतून प्रकाशाचा इशारा आला की तो वाहू लागतो. इशारा कधी द्यायचा, हेच सगळं नियंत्रण. एसी लहरीत इशारा जितका उशिरा, तितका डीसीचा दाब कमी. या उशिराला आम्ही फायरिंग अँगल म्हणतो. चंद्रपूरला तो साधारण 15 अंश असतो. नव्वद अंशांच्या पलीकडे नेला की तेच यंत्र उलट काम करतं, डीसीची एसी करतं. पडघ्याला हेच चालतं. रूढ पद्धत अशी, की पाठवणारं टोक प्रवाह सांभाळतं, घेणारं दाब. घेणाऱ्या टोकाकडेही प्रवाहाची एक आज्ञा असते, पण दहाएक टक्के कमी. पहिल्याला जमेनासं झालं की दुसरं तेवढ्यावर सूत्रं हाती घेतं. मधला संदेशमार्ग तुटला तरी दोघं एकमेकांवर उठत नाहीत. मला तर ही युक्ती भलतीच आवडते.

थायरिस्टरची खोड अशी, की त्याला सुरू करता येतं, बंद करता येत नाही. प्रवाह शून्यावर आला की तो आपसूक थांबतो, आणि सावरायला त्याला थोडा वेळ लागतो. पडघ्यासारख्या टोकाला त्यासाठी 18 अंशांच्या आसपास सवलत ठेवतात. आपल्या 50 हर्ट्झमध्ये 18 अंश म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. जवळच्या एसी वाहिनीवर वीज कोसळली, दाब खचला, की हा मिलिसेकंद पुरत नाही. बंद व्हायला हवा होता तो थायरिस्टर वाहतच राहतो आणि डीसी बाजू जणू शॉर्ट होते. याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात. अशा वेळी पलीकडचं टोक तत्काळ अँगल वाढवून प्रवाह खाली आणतं आणि दाब सावरेपर्यंत खालीच ठेवतं.

म्हणजे ही हुकमी वीजही घेणाऱ्या शहराचं एसी जाळं धडधाकट असेल तोवरच हुकमी. जाळं मेलं असेल तर थायरिस्टरचं केंद्र त्याला उठवू शकत नाही. वर, जेवढी वीज आणतो त्याच्या निम्म्याच्या आसपास रिॲक्टिव्ह पॉवर ते खातं. ती पुरवायला कपॅसिटर आणि फिल्टरचं अख्खं आवार लागतं.

वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईच्या आरेपर्यंतची 1000 मेगावॉटची डीसी वाहिनी म्हणूनच वेगळ्या जातीची आहे. 80 किलोमीटरपैकी सुमारे 50 जमिनीखालून. एवढ्या लांबीची एसी केबल स्वतःला चार्ज करण्यातच बरीच क्षमता घालवते, म्हणून डीसी. आणि थायरिस्टरऐवजी आयजीबीटी: हवा तेव्हा सुरू, हवा तेव्हा बंद. त्यामुळे किती वीज द्यायची आणि दाबाला किती आधार द्यायचा, हे दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येतं, आणि दुसरं टोक जिवंत असेल तर अंधारात गेलेल्या शहराला पहिला दाबही देता येतो. भारतात या जातीचं मोठं काम पुगलूर–त्रिशूर वाहिनीवर 2021 मध्ये झालं. माझं मत स्पष्ट आहे: मुंबईसारख्या, बाहेरून मोजक्याच वाटा असलेल्या शहराला ही सोय 2020 च्या आधीच मिळायला हवी होती.

चंद्रपूर–पडघ्याचं तंत्र एबीबीने भेलसोबत उभारलं, कुडूस–आरेचं काम 2021 मध्ये हिताची एनर्जीला गेलं. मनोरे उभे करणारे हात आपल्याकडे मुबलक आहेत, तो मिलिसेकंद सांभाळणारे कमी. तेव्हा घरात कुणी इलेक्ट्रिकलला असेल तर एवढंच सांगा: पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल हे विषय अवघड म्हणून ऑप्शनला टाकू नका.