ऑनलाइन खेळातला पहिला डाव: जीत कोणाची, हार कोणाची?

परीक्षा संपल्या की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत एक दृश्य हमखास दिसते. देवळाच्या पारावर किंवा बंद दुकानाच्या पायरीवर, जिथे सिग्नल बरा मिळतो तिथे, चार-पाच मुले मोबाइल आडवा धरून बसलेली असतात. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला. 2020 च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली आणि अनेक घरांत पहिला स्मार्टफोन मुलाच्या हाती आला. पाठोपाठ एकाच वेळी पन्नास किंवा शंभर जण उतरतात आणि शेवटी एकच माणूस किंवा एकच संघ उरतो, असे लढाईचे खेळही आले. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. तरी बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स यांच्या रूपाने हा प्रकार टिकून आहे.

अशा खेळात नवा माणूस पहिल्यांदा उतरतो, तेव्हा त्याचा अनुभव बहुधा एकाच वळणाने जातो. आधी सोपा विजय, मग लागोपाठ पराभव, मग चिडचिड आणि ‘आता एकच डाव’ म्हणत जागलेली रात्र. यात त्याचे कौशल्य किती आणि खेळाची रचना किती, हे समजले तर राग बराच कमी होतो. घरातल्यांनाही नेमके कशावर बोलायचे ते कळते.

पहिला विजय कसा मिळतो?

अशा अनेक खेळांत नवख्याच्या पहिल्या डावांमध्ये समोरचे बरेचसे खेळाडू माणसे नसतात. ते संगणकाने चालवलेले असतात. त्यांना ‘बॉट’ म्हणतात. ते सरळ रेषेत धावतात, उघड्यावर उभे राहतात आणि त्यांचा नेम मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. नवा माणूस पहिल्याच दिवशी हरून खेळ काढून टाकू नये, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे पहिल्या दिवशी पाच-सात ‘शत्रू’ टिपणाऱ्याला आपल्या हातात जन्मजात कसब आहे, असे वाटू लागते. काही दिवसांनी बॉट कमी होतात, खरी माणसे समोर येतात आणि तोच खेळाडू दोन मिनिटांत बाद होतो. त्याचा खेळ बिघडलेला नसतो, समोरचे बदललेले असतात.

जोड लावण्याचे गणित

गावजत्रेतल्या कुस्तीच्या फडात पंच तोडीस तोड जोड लावतात. ऑनलाइन खेळात हे काम गणित करते. त्याचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंचे बळ गुणांत मोजण्याची पद्धत बसवली आणि 1970 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. या पद्धतीत गुण समान असतील तर दोघांची शक्यता निम्मी-निम्मी असते. एकाचे गुण 200 ने जास्त असतील तर चार डावांपैकी साधारण तीन डावांइतके यश त्याच्या वाट्याला येईल, असे धरले जाते. आजच्या अनेक खेळांत याच विचाराची सुधारित रूपे वापरली जातात. नव्या खेळाडूचे बळ किती, हे गणिताला ठाऊक नसते. त्यामुळे सुरुवातीला त्याला कधी फार सोपी, कधी फार अवघड जोड मिळते. त्यात जुनेजाणते खेळाडू नवे खाते उघडून नवख्यांमध्ये उतरतात आणि सगळा अंदाजच चुकवतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. क्रिकेटमध्ये दोन संघ असतात. बळ सारखे असेल तर निम्मे सामने जिंकता येतात. एकट्याने खेळायच्या पन्नास जणांच्या लढाईत सगळे तुल्यबळ असले, तरी एकाच्या वाट्याला पन्नासात एक विजय येतो. उरलेले 49 पराभव खेळाच्या रचनेतच आहेत. शंभर जण असतील तर 99. पाच डाव हरलेला नवखा मुलगा ‘मला काहीच जमत नाही’ म्हणतो, तेव्हा हा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो.

सिग्नलचा वाटा

पडद्यावर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाव भाग लागतो. त्यानंतर बोटाची हालचाल मोबाइलमधून टॉवरकडे, तिथून केबलने कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि उत्तर परत येते. या फेरीच्या वेळेला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत असेल तर हे अंतर नगण्य. सिंगापूरला असेल तर सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन येण्यातच किमान 40 मिलिसेकंद जातात.

ग्रामीण भागात खरी अडचण बहुधा घर ते टॉवर या टप्प्यात असते. डोळखांब किंवा टोकावडे परिसरात डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर लहरींना सह्याद्रीचे कडे आडवे येतात. संध्याकाळी एकाच टॉवरवर सगळ्या गावाचे मोबाइल जोडलेले असतात. मग पिंग क्षणात 60, क्षणात 300 होतो. अशा वेळी खेळाडूला आपण भिंतीआड पोहोचलेले दिसतो, तरी गोळी लागते. कारण निकाल सर्व्हरवर लागतो आणि सर्व्हरपर्यंत तो भिंतीआड गेल्याची बातमीच अजून पोहोचलेली नसते. कल्याण-ठाण्यात ब्रॉडबँडवर खेळणाऱ्यासमोर पाड्यावरचा मुलगा असा उशिराने लढत असतो. महागडा मोबाइल घेतल्याने हा उशीर जात नाही. त्यामुळे ‘मोबाइल जुना आहे म्हणून हरतो’ हा हट्ट पुरवण्याआधी खेळाच्या पडद्यावर दिसणारा पिंगचा आकडा एकदा पाहावा.

मेंदूत काय होते?

1998 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन स्रवते, हे पहिल्यांदा मोजून दाखवले गेले. डोपामिनचा संबंध बक्षिसाच्या अपेक्षेशी आणि शिकण्याशी आहे. बक्षीस नेमके कधी मिळेल हे ठाऊक नसते, तेव्हा ती ओढ अधिक चिवट होते. म्हणूनच ‘थोडक्यात हुकले’ असा पराभव लगेच पुढच्या डावाकडे ढकलतो.

या खेळांचा फायदाच नाही, असेही नाही. 2003 मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलिए यांच्या अभ्यासात वेगवान खेळ खेळणाऱ्यांचे दृष्टीचे अवधान अधिक चांगले आढळले. मात्र कोणतेही हाताचे कसब टप्प्याटप्प्याने येते. आधी प्रत्येक कृती विचार करून करावी लागते, मग चुका कमी होतात आणि शेवटी हात आपोआप चालतो. सायकल किंवा शिवणयंत्र शिकतानाही हेच घडते. शिकलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेत होते. म्हणून रात्री एक वाजता खेळलेल्या पंधराव्या डावापेक्षा पुरेशी झोप नवख्याला अधिक शिकवते. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर चुरशीचा खेळ चालला असेल, तर वाढलेले ठोके आणि उत्तेजना लगेच शमत नाहीत.

‘पाच मिनिटांत ये’ का जमत नाही?

घरातली बरीच भांडणे इथून सुरू होतात. आई जेवायला हाक मारते, मुलगा ‘आलो’ म्हणतो आणि येत नाही. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. मध्ये उठले तर संघातल्या बाकी तिघांचे नुकसान होते आणि गुणही कापले जाऊ शकतात. फ्री फायरचा डाव साधारण दहा मिनिटांचा, बीजीएमआयचा लांबला तर अर्ध्या तासाचा. त्यामुळे मिनिटांवर वाद घालण्यापेक्षा डावांची संख्या आधी ठरवावी: आज दोन डाव, दुसरा संपला की मोबाइल खाली.

अनोळखी साथीदारांशी थेट बोलण्याची सोय हा नवख्याला बसणारा दुसरा धक्का. चुकले की शिव्या पडतात. ‘नूब’ आणि ‘बॉट’ हे त्यातले सौम्य शब्द. आवाज बंद करण्याचे बटण आणि तक्रारीची सोय जवळपास प्रत्येक खेळात असते. ती पहिल्याच दिवशी शिकवायला हवी. पोशाख, हिरे, बंदुकीची रंगरूपे यांवर पैसे खर्च होऊ शकतात. त्यामुळे यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यांवर ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली.

आजार कधी म्हणायचे?

रोज खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याच्या तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, अभ्यास, काम आणि माणसे यांच्यापेक्षा खेळ वर जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे साधारण वर्षभर चाललेले असावे आणि त्याने जगणे ठळकपणे बिघडलेले असावे, अशी अट आहे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, असे संघटनाच सांगते. मात्र शाळा सुटणे, दिवस-रात्र उलटी होणे, घरात चोरी किंवा मारहाण होणे अशी लक्षणे दिसली, तर वर्षभर थांबू नये. ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय इथूनही पुढचा मार्ग विचारता येतो.

नवख्याने पहिल्या आठवड्यात काय पाळावे?

- पहिल्या सोप्या विजयांवरून आपले बळ ठरवू नये.
- पिंग सतत 150 च्या वर असेल तर गुणांचे डाव न खेळता सराव करावा.
- लागोपाठ दोन डाव हरल्यावर उठून पाणी प्यावे, बाहेर एक फेरी मारावी.
- डावांची संख्या आधी ठरवावी, झोपण्याआधी एक तास खेळू नये.
- खरे नाव, गाव, शाळा आणि फोन क्रमांक कोणालाही देऊ नये.
- पालकांनी एक डाव शेजारी बसून पाहावा. मूल नेमके कशावर चिडते, ते त्या दहा मिनिटांत कळते.