एकाच्या मापाची सायकल

आमच्या घरांत आजवर जी वस्तु आली ती सर्वांची म्हणून आली. आजोबांनीं कोंकणांतून आणलेलीं तांब्याचीं घंगाळीं, आजीचा पितळी डबा, वडिलांची काळी सायकल, ह्यांवर कोणा एकाचें नांव कधींच नव्हतें. त्या काळ्या सायकलीच्या नळीवर मी प्रथम बसलों, मग नळीखालून पाय घालून अर्धें पेडल मारावयास शिकलों, आणि उंची वाढल्यावर सीटवर बसूं लागलों. माझ्यामागून चुलत भावंडांनीं तोच क्रम गिरविला. सीट चार बोटें वर-खाली केली कीं सायकल नव्या मालकाची होई! अशा घरांत वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मीं केवळ माझ्या शरीराच्या मापानें बांधलेली, टिटॅनियम धातूची सायकल आणली. तेव्हां काय वादळ उठलें असेल, ह्याची कल्पना एकत्र कुटुंबांतील वाचकांना सहज करतां येईल. परंतु ही हकीकत केवळ त्या वादळाची मौज म्हणून सांगत नाहीं. ज्यांना असा मोह होत असेल, किंवा ज्यांच्या घरांत कोणास झाला असेल, त्यांना तींत कांहीं उपयोगाचें सांपडेल असें वाटतें.

मोहाच्या मुळाशीं गरज होती. २०१७ सालीं माझ्या कमरेच्या मणक्यांमधील एक चकती सरकली. महिनाभर अंथरूण धरलें. तीस वर्षें दर रविवारीं पहाटे खडकवासल्यावरून सिंहगडाच्या पायथ्याशीं जाणारा मी, मला घरच्या जिन्याचीही धास्ती वाटूं लागली. डॉक्टरांनीं सायकल बंद केली नाहीं. बंद केलें तें वांकणें. “पाठ बरीचशी सरळ राहील अशी सायकल असेल तर खुशाल चालवा,” असें ते म्हणाले. मी दुकानें पालथीं घातलीं, आणि मग माझ्याच शरीराची ओळख मला नव्यानें झाली. माझे पाय लांब आहेत आणि धड आंखूड आहे. पायांस बेताची सायकल घ्यावी, तर हॅन्डल इतकें दूर जातें कीं पाठ धनुष्यासारखी होते. हातांस बेताची घ्यावी, तर हॅन्डल सीटच्या फार खालीं राहतें, आणि मग पुन्हां वांकणें आलेंच. तयार सायकली ठराविक अंगलटीवरून बेतलेल्या असतात. एक माप वाढलें कीं दुसरें बरोबर वाढतेंच. चार वर्षें मी सायकलीवांचून काढलीं. त्या वर्षांत माझी चिडचिड घरच्यांनीं किती सोसली, हें तेच जाणोत.

माप देऊन सायकल बांधवून घेण्याची चाल युरोपांत जुनी आहे. परंतु टिटॅनियमचें काम विशेषेंकरून वाढलें तें अमेरिकेंत. मॅसॅच्युसेट्स राज्यांत १९८६ सालीं मर्लिन ह्या कारखान्यानें ह्या धातूच्या फ्रेमी करण्यास आरंभ केला. तेथेंच १९९७ सालीं सेव्हन ही संस्था निघाली, आणि तिनें गिऱ्हाइकाच्या मापाचें काम हाच मुख्य धंदा केला. टेनेसींतील लाइटस्पीडचें नांवही ह्याच काळांत पुढें आलें. मीं ज्या लहानशा कारखान्यास लिहिलें तो त्याच भागांतला. त्यांच्याकडून मापांचा भला मोठा तक्ता आला: पायाची आंतली लांबी, धड, हात, खांदे, पावलें, शिवाय गुडघे न वांकवितां बोटें कोठपर्यंत पोंचतात, जुनीं दुखणीं कोणतीं, रस्ते कसे आहेत, आठवड्यास किती चालवितां, असे प्रश्न. शिंप्याची टेप घेऊन माझी पुतणी माजघरांत उभी राहिली. ती तेव्हां तेरा वर्षांची होती. भिंतीशीं ताठ उभें राहून दोन्ही मांड्यांच्या मध्यें एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरावयाचें, आणि त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावयाचें, अशी रीत होती. घरांतील सर्व मंडळी हा सोहळा पाहावयास जमली होती. पहिल्या खेपेचें माप चुकलें. कारागिरानें तें ओळखलें आणि पुन्हां मोजावयास सांगितलें. हा माणूस आपलें काम जाणतो, असें मला तेव्हांच वाटलें.

आतां धातूविषयीं थोडें. १७९१ सालीं विल्यम ग्रेगर नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकास कॉर्नवॉलमधील ओढ्याच्या काळ्या वाळूंत एक अपरिचित द्रव्य आढळलें. १७९५ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोथ ह्यानें त्यास ग्रीक पुराणांतील टायटनांवरून नांव दिलें. पुढें शुद्ध स्वरूपांत ती धातु हातीं येण्यास १९१० साल उजाडावें लागलें, आणि व्यापारी प्रमाणावर काढण्याची रीत क्रोल ह्या लक्झेंबर्गच्या संशोधकानें १९४० च्या सुमारास घालून दिली. पृथ्वीच्या कवचांत ही धातु मुबलक आहे. महाग आहे ती तिला प्राणवायूपासून सोडविण्याची क्रिया. प्रथम क्लोरीनशीं संयोग, मग मॅग्नेशियमच्या साह्यानें ती मोकळी करणें, मग त्या स्पंजासारख्या गोळ्यास निर्वात भट्टींत वितळविणें, असे हे संस्कार आहेत. कोंकणांतील वाचकांस हें वाचून नवल वाटेल कीं, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी चकचकीत वाळू दिसते, तींत इल्मेनाइट म्हणजे ह्याच धातूचें खनिज आहे. केरळांतील चवरा येथें तर २०११ सालापासून टिटॅनियमचा स्पंज करण्याचा कारखानाही आहे.

ही धातु पोलादाच्या मानानें निम्म्याहून थोडी अधिक जड, म्हणजे बरीच हलकी. आणि तिला पावसाळ्याची वा खाऱ्या हवेची गंज चढत नाहीं. मात्र ताठपणा पोलादाच्या निम्मा. म्हणून कारागीर नळीचा व्यास वाढवितो. सायकलीच्या नळ्यांत बहुधा शेंकडा तीन भाग ॲल्युमिनियम व अडीच भाग व्हॅनेडियम मिसळलेलें असतें. विमानांतील दाबाच्या तेलाच्या नळ्या ह्याच मिश्रधातूच्या असतात. खरी परीक्षा जोडकामांत आहे. तापलेलें टिटॅनियम हवा शोषून घेतें आणि ठिसूळ होतें. म्हणून सांध्याच्या बाहेरून आणि नळीच्या आंतूनही अरगॉन वायु खेळता ठेवावा लागतो. जोड रुपेरी राहिला तर काम चोख. निळसर वा करडा झाला तर बिघडलें. माझ्या सायकलीस रंग दिलेला नाहीं. त्यामुळें प्रत्येक सांधा उघडा दिसतो, आणि कारागिराला लपविण्यास जागाच उरत नाहीं.

खर्चाची गोष्ट घरांत निघाली तेव्हां पत्नीनें एकच अट घातली: जुनी मोटार विकून जें येईल त्यांतच भागवावयाचें, आणि पुन्हां मोटार मागावयाची नाहीं. मीं ती मान्य केली. परंतु दादांचा आक्षेप पैशांचा नव्हता. ते म्हणाले, “तूं स्वतःच्या पैशांनीं घेतोस, त्याबद्दल मी बोलत नाहीं. पण ह्या घरांत एकट्याच्या मापाची वस्तु कधीं आली नाहीं. उद्यां ती दुसऱ्या कोणाच्या काय कामाची?” ह्यावर मला उत्तर सुचेना. उत्तर दिलें तें काकूंनीं. २०१९ सालीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांच्या मांडीचें हाड मोडलें, आणि शस्त्रक्रियेंत टिटॅनियमच्या मिश्रधातूची सळई बसविली, ती हाडाच्या मापानें निवडून. त्या म्हणाल्या, “अरे, माझ्या मांडींत आहे ती कोणाच्या मापाची? ती उद्यां कोणास देणार आहांत? मी चालूं लागलें, हेंच तुम्हांला पुरे झालें ना? मग ह्यालाही चालूं दे.” दादा कांहीं न बोलतां उठून गेले; पण पुढें विरोध केला नाहीं.

२०२२ सालीं सायकल आली. तिचें सर्व वजन सुमारे आठ किलो. वडिलांची काळी सायकल वीसच्या आसपास असेल. घाटांत हा फरक कळतो. परंतु प्रामाणिकपणें सांगावयाचें तर चांगल्या पोलादी फ्रेमीपेक्षां हिची फ्रेम फार तर अर्धा-पाऊण किलो हलकी, म्हणजे पाण्याच्या भरल्या बाटलीएवढीही नव्हे. ही धातु रस्त्याचे हादरे गिळते असें उत्साही मंडळी सांगतात. मला तरी तें श्रेय थोड्या रुंद टायरांचें आणि बेताच्या हवेचें अधिक वाटतें. खरा लाभ मापाचा. हॅन्डल जेथें हवें तेथेंच हात पडतो. पाठ आपोआप बेताची राहते. पहिल्या महिन्यांत मी खडकवासल्याच्या पुढें गेलों नाहीं. सहाव्या महिन्यांत सिंहगडाचा घाट चढून वर गेलों, आणि उतरतांना कमरेची आठवण झाली नाहीं, हें घरीं आल्यावर लक्षांत आलें.

ज्यांना घ्यावयाची असेल त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. टिटॅनियम अमर नाहीं. सांध्याशीं चीर जाऊं शकते, आणि ती जोडणें कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचें काम नव्हे. दुसरी गोष्ट, सीटची दांडी वर्षांतून एकदां काढून तिला खास वंगण लावावें. नाहीं तर ती फ्रेमींत अशी धरून बसते कीं निघतां निघत नाहीं. ज्यांची अंगलट तयार सायकलींत बसते, त्यांनीं एवढ्या खर्चांत पडूं नये, हेंच माझें मत आहे.

गेल्या दिवाळींत दंडी काढून वंगण लावीत मी अंगणांत बसलों होतों. पुतणी आतां उंच झाली आहे. दादा तिला म्हणाले, “जरा भिंतीशीं उभी राहा पाहूं,” आणि स्वतः टेप घेऊन आले. पाय लांब, धड आंखूड. आमच्या वडिलांची ठेवणही तीच होती. दोन-तीन ठिकाणीं मोजून दादांनीं टेप गुंडाळली, आणि माझ्याकडे न पाहतांच म्हणाले, “सीट चार बोटें खालीं घ्यावी लागेल, एवढेंच.”