मासे पाळण्याआधी पाणी पाळा

साताऱ्यातील आमच्या एका स्नेह्यांनी परसात सिमेंटचा हौद बांधला. तो नळाच्या पाण्याने भरला, दोन दिवस थांबून त्यात बारा रंगीत कोई मासे सोडले. पाणी अगदी नितळ होते. तरीही आठवड्याभरात नऊ मासे मेले. मासेच रोगट निघाले, अशी स्नेह्यांची समजूत झाली. आम्ही पाणी तपासले तेव्हा कळले, की दोष पाण्यात आहे आणि तो डोळ्यांना दिसणारा नाही. शाळेत किंवा घरी असा हौद करू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हा दोष समजून घ्यावा. नत्रचक्राचा पुस्तकातला धडा त्यात प्रत्यक्ष पाहायला मिळतो.

आपल्या मत्स्यशेतीत ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात, त्या कार्प माशाचाच कोई हा रंगीत भाऊबंद. जपानमधील निईगाता भागातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रंगीत पिल्ले निवडून-निवडून ही जात वाढवली. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. त्यामुळे काचेची पेटी त्याला पुरत नाही, निदान तीन-चार फूट खोल हौद लागतो. खोल पाणी उन्हाळ्यात लवकर तापत नाही, हाही फायदा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतील जादा नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडते. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. नदीत किंवा जुन्या तळ्यात हा अमोनिया साठत नाही, कारण तो खाऊन जगणारे जिवाणू तेथे असतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले, की हे काम दोन टप्प्यांत चालते. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक. नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी होते आणि त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते.

नव्या हौदात हे जिवाणू जवळजवळ नसतात. ते हळू वाढतात, पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. स्नेह्यांनी दोन दिवसच वाट पाहिली होती.

दुसरी अडचण सिमेंटची. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन फारसा बाधत नाही, मुक्त अमोनिया विषारी असतो. कोणते रूप किती, हे सामूवर ठरते. पाणी २५ अंश तापमानाचे असेल तर सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या हजार भागांपैकी सुमारे ६ भाग मुक्त असतात, सामू ८ असताना ५४ आणि ९ असताना ३६०. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण विष साठपट! कोऱ्या सिमेंटमधून चुना पाझरतो आणि सामू ९ च्याही वर जातो. पाणी शेवाळाने हिरवे झाले असेल तर दुपारीही सामू वाढतो, कारण शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. म्हणून सामू सकाळी आणि दुपारी असा दोनदा पाहावा.

मग करावे काय? नवा हौद भरावा, चार-पाच दिवसांनी रिकामा करावा. सामू साडेआठच्या खाली स्थिरावेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारतो, तेव्हा पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून वापरावे. खडी भरलेल्या टाकीतून पंपाने पाणी सतत फिरवावे. जिवाणू खडीवर वस्ती करतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. ओळखीच्या जुन्या, निरोगी हौदातली मूठभर खडी मिळाली तर काम लवकर होते. खडी धुवायची तर हौदातल्याच पाण्याने. आधी दोन-तीनच मासे सोडावेत. कार्पला खरे जठर नसते, त्यामुळे थोडे-थोडे आणि पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. वीज गेली तर बादलीने पाणी उंचावरून ओतत राहावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर प्राणवायू कमी पडला, असे समजावे.

शाळेत एक सोपा प्रयोग करता येईल. मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने मुलांनी दर तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजावे आणि आलेख काढावा. आधी अमोनियाचा डोंगर चढतो आणि उतरतो, मग नायट्राइटचा. शेवटी नायट्रेटची रेघ वर जात राहते. जिवाणू न दिसताही त्यांचे काम मुलांना कागदावर दिसते. पहिले दोन्ही डोंगर उतरले की मासे वाढवावेत. पुढे दर आठवड्याला हौदाचे दहावा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी मात्र फेकू नये. त्यातले नायट्रेट म्हणजे खतच. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या पाण्याची चणचण असलेल्या तालुक्यांत तर ते बागेलाच घालावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. नकोसे झालेले मासे नदीत, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. कार्प आपल्याकडचा मूळचा नाही. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि आपल्याबरोबर रोगही नेतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले होते. अशा वेळी परसातले हौद नदीलाच मिळतात. पूररेषेच्या आत राहणाऱ्यांनी उघडा हौद करूच नये, असे आम्हाला वाटते.

स्नेह्यांचे उरलेले तीन मासे आम्ही त्यांना जुन्या हौदात हलवायला सांगितले. नवा हौद त्यांनी दीड महिना नुसता पाण्याने भरून, पंप चालवून, चिमूटभर खाद्य टाकून ठेवला. शेजारी विचारत, "मासे कुठे आहेत?" ते सांगत, "आधी पाणी पाळतोय." त्यानंतर सोडलेले मासे जगले.