घरातील ध्वनिमिश्रण : खोली, मॉनिटर आणि विवर्धक

चेन्नईच्या कोडंबाक्कम भागाचा चित्रपटनिर्मितीबद्दल फार जुना लौकिक आहे. ध्वनिमुद्रण म्हटले की मोठे दालन, त्यात बसलेला वाद्यवृंद आणि काचेपलीकडे यंत्रज्ञ, असेच चित्र पूर्वी तेथे दिसे. १९८९ मध्ये ए. आर. रहमान ह्या तरुण संगीतकाराने ह्याच भागात आपल्या घराच्या परसात 'पंचतन रेकॉर्ड इन' हा लहानसा स्टुडिओ उभारला, आणि १९९२ च्या 'रोजा' चित्रपटाच्या संगीताने त्याचे नाव देशभर झाले. आज तर संगणकाच्या साहाय्याने निजावयाच्या खोलीतही गाणे तयार होते.

परंतु अशा खोलीत काम करणाऱ्यास एक अनुभव हमखास येतो. रात्रभर बसून गायन, व्हायोलिन आणि मृदंगम् ह्यांचे प्रमाण जुळवावे. आणि सकाळी तेच गाणे मित्राच्या मोटारीत लावताच मृदंगम्‌ची डावी पुडी इतकी घुमावी की गायिकेचे शब्द ऐकू येऊ नयेत! मग बिचारा साठविलेले पैसे खर्चून अधिक मोठे लाउडस्पीकर आणतो. दोष बहुधा तेथे नसतो.

पखवाजाच्या डाव्या पुडीस ओली कणीक लावतात, तसा मृदंगम्‌च्या डाव्या पुडीस ओल्या रव्याचा लेप देतात. त्यामुळे तिचा स्वर खाली उतरतो. उजव्या पुडीवरील काळ्या शाईमुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. रामन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेव्हा घरातील मिश्रणाची कसोटी पाहावयास मृदंगम्‌इतके योग्य वाद्य दुसरे क्वचितच मिळेल : एकीकडे स्वच्छ स्वर, दुसरीकडे खोल घुमारा.

आता खोली पाहू. ३० अंश सेल्सिअस तपमानात ध्वनी सेकंदास सुमारे ३४९ मीटर जातो. बारा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदास सुमारे ४८ कंपनांचा स्वर अडकून राहतो. भिंतीजवळ तो अतिशय मोठा, तर खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा! मध्यभागी बसलेल्या माणसास खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून तो खर्ज वाढवीत जातो. मोटारीतील गोंधळाचे मूळ हे आहे. फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत फेकून त्यात भरच घालतात. वाचकाने एकच खोल स्वर वाजवीत ठेवून खोलीत सावकाश फिरून पाहावे; प्रत्यय येईल. म्हणून बसण्याची जागा मध्यापासून थोडी सरकवावी, आणि कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर उभे करावेत. पातळ पडदे तार स्वर तेवढे शोषतात. माझ्या मते पहिला खर्च येथे करावा, आणि एवढ्या खोलीस पाच इंची शंकूचा मॉनिटर पुरेसा मानावा.

मॉनिटर गोड वाजावा, ही अपेक्षाच चुकीची. १९७८ मध्ये यामाहा कंपनीने 'एनएस-१०' हा लाउडस्पीकर घरगुती श्रोत्यांसाठी काढला. घरांत तो रुचला नाही. स्टुडिओंनी मात्र तो उचलला. त्याचा खर्ज तोकडा होता, आणि तार स्वर इतके टोचत की कित्येक यंत्रज्ञ त्याच्या लहान शंकूवर पातळ कागद चिकटवीत. तथापि विद्युत्‌संकेत थांबताच त्याचा आवाजही चटकन थांबे, असे पुढे मोजमापांत आढळले. मृदंगम्‌चा ठोका कोठे संपला हे ज्यास ऐकावयाचे आहे, त्यास हाच गुण हवा. २००१ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले.

एनएस-१० ला विवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, निराळा जोडावा लागे. आजचे बहुतेक लहान मॉनिटर तो पोटातच बाळगतात. पुष्कळांत प्रत्येक शंकूस स्वतंत्र विवर्धक असतो. नवशिक्याने हेच घ्यावेत. निराळा विवर्धक घेणाऱ्याने मात्र थोडे गणित करावे. समजा, मॉनिटर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबेल आवाज देतो. आपण ८५ डेसिबेलवर ऐकतो. पण ठोक्याचे शिखर त्याहून २० डेसिबेल उंच, म्हणजे १०५ पर्यंत जाते. दर ३ डेसिबेलला शक्ती दुप्पट लागते. वरचे १८ डेसिबेल म्हणजे सहा वेळा दुप्पट : ६४ वॅट. पन्नासाऐवजी शंभर वॅट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही. त्यासाठी दसपट शक्ती लागेल. उलट, फारच दुबळ्या विवर्धकावर जोर दिल्यास शिखरे छाटली जाऊन नको ते उपस्वर उत्पन्न होतात, आणि नाजूक लहान शंकू जळण्याचा संभव असतो.

मोठ्या आवाजात कानास खर्ज अधिक भासतो, हे फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ मध्ये मोजून दाखविले. म्हणून आवाजाची पातळी एकदा ठरवून तीच ठेवावी. चेन्नईच्या उन्हाळ्यात छताचा पंखा बंद करून काम करणे कठीण, आणि चालू ठेवल्यास मंद आवाज त्याच्या घरघरीत बुडतात. पंखा शेवटच्या तासापुरता तरी थांबवावा. विवर्धकाच्या भोवती हवा खेळण्यास वीतभर जागा सोडावी, आणि त्यावर पुस्तके रचू नयेत.